तोंड दाखवायचं वळण

मेघा, लाइट काही आता यायची नाही. आपल्याकडे जरा वारा सुटला की तारा आधी शरण जातात. तो दिवा इकडे सरकव आणि नीट बस. मघाशी जेवताना तू विचारलंस, ताई, त्या मोहाच्या झाडापाशी कित्येक मोटरसायकलवाले हेल्मेट का काढतात? मी भाताचं पातेलं उचलून आत गेले. उत्तर टाळायचं नव्हतं, पण घास तोंडात असताना सांगण्यासारखी ती गोष्ट नाही. उद्या नवी नर्स म्हणून तुझी पहिली फेरी आहे, माझ्या मागे बसून नव्हे, तुझ्या स्वतःच्या स्कूटरवर. तेव्हा आजच सांगितलेलं बरं.

आपल्या उपकेंद्रातून किन्हवलीकडे निघालं की तीन किलोमीटरवर उतार लागतो. उताराच्या पोटात डावीकडे वळण, वळणावर मोहाचं झाड, झाडाला लागून पाणी वाहून जायचा खोल चर. तिथून पुढे मोरीपर्यंत जेमतेम अर्धा किलोमीटर. एवढ्या तुकड्यात गेल्या वर्षापर्यंत आमच्याकडे कुणी डोकं झाकून जात नव्हतं. झाड दिसलं की एका हातानं हेल्मेट काढायचं, कोपरात अडकवायचं, तोंड चराच्या बाजूला करायचं आणि डोळे मिटल्यासारखे करून सुसाट निघायचं. हॉर्न द्यायचा नाही, मागे बघायचं नाही. मोरी ओलांडली की हेल्मेट परत डोक्यावर. ज्यांच्याकडे हेल्मेटच नाही ते तोंडाचा रुमाल सोडतात, रुमाल नसेल तर गॉगल काढतात. पोलिसांचा नियम मोडायला आपली माणसं मागेपुढे बघत नाहीत, पण हा नियम म्हातारेकोतारेसुद्धा पाळतात.

कारण असं सांगतात, की फार वर्षांपूर्वी तिथं एका माणसाला मोटरसायकलनं उडवलं. उडवणाऱ्याच्या डोक्यात हेल्मेट होतं, काळ्या काचेचं. तो थांबला नाही. मरणाऱ्यानं त्याचं तोंड पाहिलंच नाही. तेव्हापासून तो चरात बसून असतो, एक हात वर करून, आणि येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड तपासतो. म्हणून तोंड दाखवायचं. बघ बाबा, मी तो नव्हे. उडवणारा कोण, मरणारा कोण, कुठल्या गावचा, हे मी अनेकांना विचारलं. कुणालाही माहीत नाही. पण हात पाहिलेले मात्र डझनभर भेटतील.

आमच्या घरात हे कधीच चाललं नाही. माझे वडील सदानंद, आमचे आप्पा, त्यांना तू पाहिलंयस, बोलायला लागले की थांबत नाहीत. आटगावला स्टेशनवर नोकरीत होते. माझ्या आजोबांनी छप्पन सालानंतर घरातले सगळे देव नदीला वाहिले, ते काही रस्त्यावरच्या भुतापुढे मान तुकवायला नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझा धाकटा भाऊ रूपेश मुरबाडला कंपनीत होता. तोही या गोष्टीला हसायचा. पण वळणावर हेल्मेट काढायचा. आप्पांनी एकदा त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

"आप्पा, मी कुठं मानतो? पन मागं बसलेले मानतात ना. चार लोकांत आपलाच येगळा कशाला?"

"चार लोक तुझ्या डोक्याची भरपाई करनार हायेत का रे?" आप्पा म्हणाले.

रूपेश हसून गाडीला किक मारून निघून गेला.

तीन वर्षं झाली. दुसऱ्या पाळीला तो सव्वा वाजता घरून निघाला. वळण आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. अडीच वाजता तो चरात सापडला. डोकं दगडावर आपटलेलं, आणि हेल्मेट कोपरात, एकही ओरखडा नसलेलं. सापडला तो महिपतकाकांना. ते पलीकडच्या पाड्यावरचे, मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी पोती बांधून धसईच्या बाजाराला भाजी नेणारे. त्यांनीच जीप बोलावली. रूपेश जीपमध्ये गेला, मुरबाड यायच्या आधी. तोपर्यंत श्वास चालू होता. डॉक्टर मला म्हणाले, सिस्टर, अर्धा तास आधी आणला असता तर हातपाय मारता आले असते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी महिपतकाका आमच्या दारात येऊन रडले. म्हणाले, "रस्त्याला चिटपाखरू नव्हता बाय, भर दुपारचा. कोन बघनार त्याला?" मी त्यांना पाणी दिलं. उपकार मानले.

त्याचं हेल्मेट मी घेतलं. नारिंगी पट्ट्याचं, काळ्या काचेचं. आईला ते नजरेसमोर नको होतं, पण मी हट्टाला पेटले. म्हटलं, हे त्या वळणातून जाईल तर माझ्या डोक्यावरून जाईल. आणि दोन वर्षं गेलं. रोज. लोक म्हणायचे, नर्सबायला एक दिवस कळेल. मी म्हणायची, कळू दे. मुद्दाम गाडी तीसवर आणायची, मुद्दाम हॉर्न द्यायची. माझा राग भुतावर नव्हता, असं मला वाटायचं. भुताला वळण देऊन टाकणाऱ्या माणसांवर होता.

आता गेल्या एप्रिलमधली गोष्ट. गुरुवार, लसीकरणाचा दिवस. बारा-साडेबाराला पोरांना टोचून झालं, उरलेल्या लशी पेटीत घातल्या, बर्फाच्या वड्या नीट लावल्या आणि किन्हवलीला परत द्यायला निघाले. ऊन असं, की रस्ता पुढे हलताना दिसत होता. अंगावर उन्हासाठी रूपेशचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यात त्याचं हेल्मेट. रस्त्यावर कुणी नाही. भर दुपारी आपल्याकडे जी शांतता पडते ती रात्रीला कधी नसते. रात्री निदान किडे तरी ओरडतात.

उतार लागला तसा मोहाच्या फुलांचा वास यायला लागला. तुला तो वास माहीत नसेल. आधी गोड वाटतो. मग फुलं उन्हात सडायला लागली की तोच वास घशाशी येतो. काच खाली होती, तरी तो आत आला आणि आतच राहिला. हेल्मेटमध्ये आपल्याला आपलाच श्वास ऐकू येतो, सवयीनं त्याच्याकडे लक्ष जात नाही. त्या दिवशी गेलं. कारण मी श्वास सोडत होते तेव्हा कुणीतरी घेत होतं.

मी श्वास रोखला. दुसरा चालूच राहिला... अगदी कानाशी. ओढून ओढून घेतलेला, मध्येच अडकणारा. असे श्वास मी वॉर्डात ऐकलेत.

आणि मला तो हात दिसला.

चराच्या काठावरून वर आलेला. कोपरापासून पुढे. पाचही बोटं पसरलेली, हलत नव्हती. पाचोळा पार काठापर्यंत आलेला आणि त्यातून तेवढा हात. मेघा, मी भूत मानत नाही, पण त्या क्षणी माझा डावा हात आपोआप हनुवटीखाली गेला. पट्ट्याचं बटण बोटांना लागलं. एवढं वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं की हात ऐकतो, डोकं नाही. काढ, तोंड दाखव आणि नीघ, असं सगळं अंग म्हणत होतं. काढलं असतं तर कुणी मला नावं ठेवली नसती.

मग मला असा संताप आला, की मी तो तुला सांगू शकत नाही. मी मोठ्यानं ओरडले. हेल्मेटच्या आत माझा आवाज मलाच लागला.

"नाही काढत! काय करायचं ते कर. काढणार नाही, आणि पळणार तर अजिबात नाही!"

ब्रेक दाबला. गाडी स्टँडवर लावली, किल्ली खिशात टाकली. चराच्या काठाशी गेले आणि खाली वाकून बघितलं.

खाली एक मुलगी पडली होती.

एकवीस-बावीस वर्षांची. तिची स्कूटर दहा फूट पुढे झुडपात. डोक्याला मागे जखम, रक्त कानामागून मानेपर्यंत वाळत आलेलं. हेल्मेट उजव्या कोपरात अडकलेलं. हात दोन्ही खाली, अंगाशी. मला वाटलं, हात वर धरून दमली असेल बिचारी. डोळे उघडे होते. ओठ हलत होते.

"नाव काय तुझं?"

"प्रि... प्रियांका."

"प्रियांका, मी नर्स आहे. मान हलवायची नाही. अजिबात नाही. ऐकतेस ना?"

"ताई... कुनी थांबतच नाय..."

मी तिची मान दोन्ही बाजूंनी दगड आणि तिची ओढणी लावून स्थिर केली, माझ्या पिशवीतल्या पट्टीनं जखम दाबून धरली. फोन काढला तर त्या खळग्यात रेंज नाही. तिला सोडून चढावर जावं, तर जखमेवरचा हात काढायचा कसा? तेवढ्यात वरून गाडीचा आवाज आला. मला हायसं वाटलं.

आता हे ऐक. चरात गुडघ्यांवर बसून मी वर बघत होते. मोटरसायकल वळणावर आली. चालवणाऱ्यानं हेल्मेट काढलं, कोपरात अडकवलं, तोंड माझ्याकडे केलं. मी त्याला ओळखत होते. त्याच्या जुळ्या पोरांना मीच पोलिओचे थेंब पाजले होते. डोळे गच्च मिटलेले, दात आवळलेले, ओठांत काहीतरी पुटपुटत होता. मी हात उंच करून ओरडले, "थांब रे! थांब!" त्यानं गाडी आणखी पिळली. चाकाखालची खडी माझ्या तोंडावर उडाली.

दुसरी गाडी आली. दोघं जण होते. दोघांनी डोकी उघडी केली, मागच्यानं तर हात जोडले. मला. मी ओरडत होते आणि ते मला हात जोडत होते. तिसऱ्या गाडीवर नवरा-बायको होते आणि बायकोच्या मांडीवर लेकरू. तिनं डोक्यावरचा पदर काढला आणि लेकराचं टोपडंही काढलं.

मी खालून बघत होते, एकापाठोपाठ एक, उघडी, घाबरलेली, डोळे मिटलेली तोंडं. चरात पडलेल्या माणसाला जे दिसतं ते मला दिसत होतं. आणि तिथं, त्या मुलीच्या जखमेवर हात दाबून बसलेली असताना, मला माझ्या भावाचा तो शेवटचा तास कळला. रस्ता रिकामा नव्हता. दुसऱ्या पाळीची वेळ होती. रूपेशला सगळ्यांनी तोंड दाखवलं होतं.

रडायला वेळ नव्हता. प्रियांकाचा हात थंड पडत चालला होता. मी पट्टी घट्ट बांधली, तिला म्हटलं, "मोज. शंभरपर्यंत मोज, मी शंभराच्या आत येते." वर चढले. हेल्मेट डोक्यातच होतं, काच खाली. रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, पाय फाकवून, दोन्ही हात पसरून. हाताला कोपरापर्यंत रक्त. म्हटलं, आता जो येईल त्यानं एकतर थांबायचं, नाहीतर मला उडवून जायचं.

चौथी गाडी आली. दोन्ही बाजूंना पोती. मला बघून चालवणाऱ्याचा हात सुटला, गाडी वेडीवाकडी होत माझ्यापासून हातभर अंतरावर बंद पडली. महिपतकाका होते. हेल्मेट कोपरातून निसटून रस्त्यावर गडगडत गेलं.

ते माझ्या शर्टाकडे बघत होते. मग हेल्मेटच्या नारिंगी पट्ट्याकडे. तोंडाचा रंग उडाला. गाडी तशीच टाकून ते रस्त्यावर गुडघे टेकून बसले.

"रूपेश... बाला... मी नव्हतो रे उडवला तुला..."

माझे हात तसेच पसरलेले होते.

"तू हात वर केलावतास... मी बघितला. पावनेदोनला बघितला. मला वाटला, तो हाय. तोंड दाखवला नि गेलो रे... मोरीच्या म्होरं गेल्यावर वाटला, शर्ट वलखीचा होता. पन माघारी यायची हिंमत झाली नाय. पाऊन तास झाडाखाली बसून होतो... बाला, पदरात घे मला..."

खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांचा गळा दाबावासा वाटला. त्यांना पाणी पाजलं होतं मी. त्यांचे उपकार मानले होते. पण खालून बारीक आवाज येत होता. एकतीस... बत्तीस...

मी काच वर केली.

"मी दीप्ती आहे, काका. रडायचं ते नंतर रडा, जन्मभर रडा. आधी चढावर जा, एकशेआठला फोन लावा, आणि पाड्यावरून जीप आणा. हेल्मेट उचला. घाला डोक्यात. पट्टा लावा!"

त्यांनी लावला. बटण बसलं का ते मी स्वतः दाबून बघितलं. वीस मिनिटांत जीप आली. प्रियांका जगली. आता ती शहापूरला दुकानात कामाला जाते. स्कूटरवर, हेल्मेट घालून.

त्यानंतर मी त्या झाडाशेजारी पाटी ठोकली. इथे हेल्मेट काढू नका. इथे हात दिसला तर थांबा. दोनदा कुणीतरी उपटून टाकली. तिसऱ्यांदा महिपतकाकांनी स्वतः खड्डा खणून, सिमेंट ओतून बसवली आणि दिवसभर तिथं उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला आपण काय केलं ते सांगितलं. लोकांनी ऐकलं. सगळ्यांनी नाही. पण आता वळणावर निम्मी डोकी झाकलेली असतात. दगडाशी डोकं आपटून घ्यायला, एका हातानं गाडी चालवायला, डोळे मिटून खडीवर वळायला भूत लागत नाही. हे सगळं आपलं आपणच करत होतो.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुला जेवतानाच सांगितली असती.

प्रियांकाच्या हाडांचे फोटो काढले तेव्हा मी दवाखान्यातच होते. डॉक्टरांनी मला फोटो दाखवला. दोन्ही दंडांची हाडं मोडलेली होती, मधोमध, दोन तुकडे. "ही मुलगी पडल्यापासून एकही हात वर उचलू शकली नसती," ते म्हणाले. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग मी महिपतकाकांना विचारलं, काका, त्या दिवशी मी रस्त्यात आडवी उभी होते तेव्हा तुम्हाला आणखी काही दिसलं होतं? ते म्हणाले, "हात दिसला ना. तुज्या मागं. चराच्या काठाला."

मी त्यावर फार डोकं चालवत नाही. कुणाचा का असेना, त्यानं मला थांबवलं आणि एक पोरगी वाचली. हात दिसला की थांबायचं, एवढं मी ठरवून टाकलं. पण वर्षभर काही दिसलं नाही.

आज दिसला.

तुझ्यासाठी गादी घेऊन परत येत होते तेव्हा, दुपारी. थांबले. चरात उतरले. कुणी नव्हतं. पाचोळा हातानं उपसून बघितला. मग तासभर झाडाखाली बसून राहिले, येणाऱ्या प्रत्येक गाडीला हळू जा म्हणून हातवारे करत. कुणी पडलं नाही. म्हणजे ज्याच्यासाठी तो वर आला होता, ते माणूस अजून तिथं पोचलेलं नाही.

आणि आजचा हात गेल्या वर्षीसारखा नव्हता, मेघा. मनगटापर्यंत मेंदी होती. ताजी, लालभडक.

अशी बघू नकोस माझ्याकडे. लग्नसराई आहे, तालुक्यात शंभर जणींच्या हातावर मेंदी असेल. हात मागे का घेतलास? आण इकडे. दे माझ्या हातात. हं. आता नीट ऐक. उद्या आठला मी तुझ्या पुढे निघणार. तू वीसच्या वर जायचं नाहीस, दोन्ही हात हँडलवर, पट्टा हनुवटीखाली घट्ट. त्या वळणानं माझा एक नेलाय, तेव्हा मी तिथं नव्हते. उद्या मी असणार आहे. बघू या कोण कुणाला नेतं.